‘मोनोनोके’ला मराठीत काय म्हणावं? (आई म्हणते ‘भूत’ नको)

खडीसाखर
गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आईला दीड महिना पलंगावर काढायचाय. सासू-सुनांच्या मालिकांना ती कंटाळली, म्हणून तिला ‘मोनोनोके’ दाखवायला घेतलंय. तोएई ॲनिमेशनची २००७ ची जपानी ॲनिमेशन मालिका, दिग्दर्शक केंजी नाकामुरा, बारा भाग. (मियाझाकींचा १९९७ चा चित्रपट वेगळा, त्यावर घसरू नका.) इंग्रजी ओळी तिला तेवढ्या वेगात वाचता येत नाहीत. म्हणून रोज रात्री एका भागाच्या मराठी ओळी लिहून ठेवते, दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही बघतो.

पहिल्याच भागात अडले. पावसाची रात्र, गर्भार बाई एका सरायीत आसरा मागते, तिला वरची बंद खोली मिळते. पुढे औषधं विकणारा तो नायक सांगतो की इथे मोनोनोके आहे. मी लिहिलं, ‘इथे भूत आहे.’ आई म्हणाली, “भूत म्हणजे मेलेलं माणूस. हे तर घरालाच लागलंय. बाधा म्हण.”

पटलं. पण तो नायक शेवटी तलवार उपसून मोनोनोकेला कापतो. बाधेला कापणार कसं? बाधा होते, बाधा उतरते. तिच्यावर वार करता येत नाही.

दुसरी अडचण. तलवार म्यानातून निघण्यासाठी त्याला तीन गोष्टी कळाव्या लागतात: काताची, माकोतो, कोतोवारी. मी ‘रूप, सत्य, कारण’ लिहिलं. वाचताना शासकीय परिपत्रक वाचल्यासारखं वाटतं. काही सुचवा.

पिंपळपान
आईंना नमस्कार सांगा, कान शाबूत आहे त्यांचा. ‘पछाडणे’ वापरून बघा. ‘या घराला काहीतरी पछाडून आहे.’ कापायची वेळ आली की ‘पछाडणारं’.

रुकार
‘भूत’ हाच अचूक शब्द आहे. भू धातूपासून भूत, म्हणजे जे झालं, जे अस्तित्वात आलं ते. पंचमहाभूतांतलं भूत हेच. जपानीत ‘मोनो’ म्हणजे वस्तू, चीज. म्हणजे दोन्ही भाषांनी नाव न घेता ‘एक असलेलं काहीतरी’ म्हटलंय. इतका चपखल शब्द घरात असताना तो पांढऱ्या चादरीच्या चित्रांमुळे टाकून द्यायचा, हा आपला दोष, शब्दाचा नव्हे.

खडीसाखर
रुकार, व्युत्पत्ती मान्य. पण आई व्युत्पत्ती वाचत नाहीये, ओळ वाचतेय. ओळ दोन सेकंद दिसते.

नागोया लोकल
रुकारांचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. ‘मोनो’ तसंच वापरतात, नाव घ्यायचं टाळून. आपल्याकडे रात्री सापाला साप म्हणत नाहीत, ‘जनावर’ किंवा ‘लांबडं’ म्हणतात, तोच प्रकार. पण खरी गंमत पुढच्या ‘के’त आहे. आज ते अक्षर ‘विचित्र, गूढ’ या अर्थाचं लिहितात. जुन्या लिखाणात तिथे ‘हवा, वाफ, प्राण’ या अर्थाचं अक्षरही येतं. म्हणजे मोनोनोके हे ‘कशाचं तरी वारं’.

हेइआन काळात, म्हणजे हजारेक वर्षांपूर्वी, मोनोनोके म्हणजे दिसणारं भूत नव्हतंच मुळी. दरबारातली बाई आजारी पडली, बाळंतपण अडलं, की म्हणायचे मोनोनोके आहे. मग मंत्र म्हणणारे भिक्षू बोलवायचे आणि ते मोनोनोके दुसऱ्या कुणाच्या तरी, बहुतेक एखाद्या पोरीच्या, अंगात उतरवायचे, म्हणजे ते बोलतं व्हायचं. ‘गेंजी मोनोगातारी’ या त्याच काळातल्या कादंबरीत नायक गेंजीच्या गर्भार बायकोला, आओईला, असंच छळतं. छळणारी रोकुजो ही बाई जिवंत असते! अपमान मनात राहिलेला, आणि झोपेत तिचा जीव बाहेर पडतो. तिला स्वतःला हे कधी कळतं? तिच्या कपड्यांना, केसांना मांत्रिकांच्या होमातल्या दाण्यांचा वास येतो, आणि धुतला तरी जात नाही. तो दाणा ‘केशी’. त्या शब्दाचा अर्थ खसखस होतो आणि मोहरीही. आणि त्या होमाला जपानीत ‘गोमा’ म्हणतात, जो सरळ संस्कृत ‘होम’.

त्यामुळे काकूंचा ‘बाधा’ हा शब्द हजार वर्षं मागे जाऊन बरोबर बसतो. तलवारीचं मात्र मला सुचत नाही.

आंबोळी
मोहरी!! अहो आमच्याकडे दृष्ट काढताना मीठ-मोहरीच. वास आला की दृष्ट कमी होती, तडतडून वास आला नाही तर लय मोठी होती, असं माझी आत्ये सांगायची. अंगावर काटा आला वाचून.

आणि ‘बाधा’ पुस्तकी वाटता. मालवणात कोण बाधा म्हणत नाय. ‘वारो लागलो’ म्हणतत, नायतर ‘भायरचा लागला’.

वऱ्हाडी ठेचा
आमच्याकडे ‘हवा लागली’. लहानपणी मले भर दुपारी चिंचेखालून आल्यावर ताप आला, तं आजी म्हणे हवा लागली याले. डॉक्टरनं मलेरिया सांगतला. आजीनं दोन्ही इलाज केले, बरं कशानं झालो ते आजही वादात आहे.

पण नागोयाभाऊ, वारं, हवा आणि ते ‘के’ हे सारं एकच निघालं की नाही?

नागोया लोकल
एक निघालं असं म्हणणार नाही, पण एकाच बाकावर बसलेत.

खडीसाखर
‘बाहेरचं’ आवडलं. कालच्या भागात लिहून टाकलं, ‘या घरात बाहेरचं आहे.’ आईला पटकन कळलं. शेजारची कॉलेजातली मुलगी सोबत बघत होती, ती म्हणाली, “म्हणजे त्यांनी जेवण मागवलंय का?”

पिंपळपान
😂 आणि आमच्या आजीच्या पिढीला ‘बाहेरची’ म्हणजे कावळा शिवलेली. या एका शब्दात किती बायकांना बसवलंय आपण, तेही घराबाहेर.

रुकार
म्हणूनच म्हणतो की बोलीतले शब्द गावागणिक बदलतात. उद्या वऱ्हाडात ‘हवा’, मालवणात ‘वारो’, पश्चिमेला ‘लागीर’. प्रमाण मराठीत एक शब्द ठरवा आणि त्याला चिकटा. भूत. नाहीतर ‘पिशाच’.

आंबोळी
प्रमाण म्हणजे कोणाचा प्रमाण? पुण्याच्या पेठेत भुतां नायत म्हणून तुमच्याकडे एकच शब्द उरलो. आमच्याकडे समंध, मुंजा, खवीस, देवचार, झोटिंग, जखीण, आसरा, चकवो, बायंगी. प्रत्येकाचो स्वभाव वेगळो, जागा वेगळी, नैवेद्य वेगळो. देवचाराक भूत म्हणशात तर रागावतलो, तो राखणदार.

माळरान
विषयाला थोडं सोडून. धागाकर्तीने त्या औषधवाल्याला काय म्हटलंय?

खडीसाखर
‘वैदू’ लिहिलंय. डोक्यावर फडकं, पाठीवर पेटी, गावोगाव फिरतो.

माळरान
कृपया बदला. वैदू ही जमात आहे, भटकंती करणारी, आणि गूढ शक्तीचा माणूस म्हणजे वैदू ही प्रतिमा त्या लोकांना आधीच पुष्कळ महाग पडलीय. ‘औषधवाला’ म्हणा, काही बिघडत नाही.

नागोया लोकल
माळरानशी सहमत, आणि मूळ शब्दही तेवढाच साधा आहे. कुसुरी म्हणजे औषध, उरी म्हणजे विकणारा. त्याला नावच नाही, हीच खुबी आहे. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, तोयामा प्रांताचे औषधवाले देशभर फिरायचे. औषधांची पेटी घरी ठेवून जायचे आणि पुढच्या खेपेला येऊन जेवढं वापरलं तेवढ्याचेच पैसे घ्यायचे. मी तोयामाला कामानिमित्त होतो तेव्हा एका म्हाताऱ्या घरमालकिणीकडे अशी पेटी बघितलीय. त्यामुळे असा माणूस दारात उभा राहणं जपानी प्रेक्षकाला अजिबात विचित्र वाटत नाही. आपला बोहारणीसारखा ओळखीचा, म्हणूनच घरात घेतला जातो.

खडीसाखर
केलं. औषधवाला. आणि माळरान, आभार, खरंच लक्षात आलं नव्हतं.

आणखी एक कबुली. पहिल्या कथेचं नाव ‘झाशिकी-वाराशी’. घरात राहणारं लहान मूल असतं ते. मी ‘मुंजा’ लिहिलंय.

पिंपळपान
नाही नाही. मुंजा म्हणजे मुंज झालेला आणि सोडमुंजेआधी गेलेला मुलगा. पिंपळावर राहतो. (मला विचारा.)

नागोया लोकल
झाशिकी म्हणजे तातामी (गवताच्या जाड चटया) घातलेली बसायची खोली, वाराशी म्हणजे पोर. उत्तर जपानातल्या इवातेकडची समजूत. लोककथा गोळा करणाऱ्या यानागिता कुनिओंच्या १९१० च्या ‘तोनो मोनोगातारी’त आहे. ते पोर घरात असेतो घराची भरभराट, सोडून गेलं की घर बुडालं. म्हणजे ते आंबोळींच्या देवचाराच्या जास्त जवळचं. आणि मालिकेने तेच शुभ पोर उलटं करून दाखवलंय: ती सराय आधी वेश्यावस्ती होती आणि ती पोरं जन्मूच न दिलेली आहेत. मुंजा लिहिलं तर हा सगळा धक्का वाया जाईल. ‘ओटीवरचं पोर’?

आंबोळी
माजघरातला पोर. ओटीवर पावणे बसतत.

वऱ्हाडी ठेचा
बाळंतपणात गेलेल्या बाईचं जपानीत काही आहे काय? आपल्याकडे अळवंतीण.

नागोया लोकल
उबुमे. अगदी हीच. चित्रकार तोरियामा सेकिएनच्या १७७६ च्या चित्रसंग्रहात आहे, पावसात बाळ छातीशी धरून उभी. अळवंतीण लिहिली तर कुणाचंच काही चुकणार नाही.

तिसरी घंटा
उशिरा आलो. मूळ प्रश्नातली ती तीन नावं कुणीच घेतली नाहीत. मालिका पाहिलीय, दोनदा. काताची म्हणजे ते कुठल्या जातीचं आहे. माकोतो म्हणजे प्रत्यक्षात काय घडलं. कोतोवारी म्हणजे त्यामागची मनातली गाठ. पहिल्या दोन गोष्टी कळल्या तरी तलवार हलत नाही, प्रत्येक वेळी मुठीवरचं ते तोंड नुसते दात वाजवतं, खट्. आणि तिसरीसाठी त्या खोलीतल्या प्रत्येक माणसाला स्वतःचं पाप बोलावं लागतं. त्यामुळे ‘कारण’ हा फार थंड शब्द आहे. मी ‘गाऱ्हाणं’ म्हणेन.

आंबोळी
गाऱ्हाणा माणूस देवाक घालता. व्हय म्हाराजा! भुताचा गाऱ्हाणा कसा चलात?

रुकार
कोतोवारी शब्दाची फोड काय आहे? नागोया?

नागोया लोकल
कोतो म्हणजे बाब, वारी म्हणजे फोडणं, विभागणं. बाब फोडून तिच्या आत काय आहे ते दाखवणं. गंमत म्हणजे आजच्या बोलीत त्याच उच्चाराचा शब्द ‘नकार’ या अर्थी येतो, लिहितात वेगळं.

रुकार
मग ‘निवाडा’. निवडणे, वेगळं करणे. पुन्हा मराठी धातू हजर आहे. मी उगाच हट्ट करत नाही, घरात असलेलं सामान आधी वापरावं एवढंच म्हणतो.

तिसरी घंटा
निवाडा पंच करतात. इथे पंच कुणीच नाही, सगळेच आरोपी.

खडीसाखर
आज दुपारी हे सगळं आईला वाचून दाखवलं. तिने विचारलं, तिच्या माहेरी कुणाला लागलं की भगत काय विचारायचा, ठाऊक आहे का? “कोण तू? काय झालं? काय पाहिजे?” याच क्रमाने. आणि तिसऱ्याचं उत्तर मिळेपर्यंत बसून राहायचा, रात्र झाली तरी. “तुझा औषधवाला तेच तर विचारतोय, मग कोण, काय, कशाला एवढंच लिही की.”

लिहून बघितलं. तलवार दात वाजवते त्या जागी बसतंय. कुणाला खटकतंय का?

रुकार
आंबोळी, वर ‘समंध’ म्हणालात. तो ‘संबंध’चाच अपभ्रंश. ज्याचा घराशी, धनाशी संबंध सुटलेला नाही तो. म्हणजे तुमचा अस्सल बोलीतला शब्दही अखेर संस्कृतच.

आंबोळी
आणि खवीस? तो अरबी ‘खबीस’. तोय संस्कृत करा आता. जखीण यक्षिणी, आसरा अप्सरा, ह्या म्हायती आसा माका. पण आसरा अप्सरेसारखी नाचणा नाय, विहिरीत पोरां वडता. आईकडसून नाव घेतला म्हणून माणूस आईसारखो होता?

वऱ्हाडी ठेचा
झोटिंग कुठून आला मग?

रुकार
झोट म्हणजे केसांचा झुबका. झोट मोकळे सोडलेला तो झोटिंग.

पिंपळपान
हे तुम्ही आत्ता बसल्या बसल्या बनवलंत.

रुकार
बनवलं नाही, सुचलं. बनवणं आणि सुचणं यात फरक आहे.

माळरान
मोल्सवर्थचा शब्दकोश काढा कुणीतरी.

वऱ्हाडी ठेचा
काढला तं सकाळ होईन. मागच्या वेळी ‘भाकर’ पाहाले गेलो होतो, ‘भाटा’पर्यंत वाचत बसलो.

खडीसाखर
मंडळी, ‘कोण, काय, कशाला’बद्दल कुणी बोलेल का? रात्री पुढचा भाग करायचाय. समुद्रावरची तीन भागांची कथा सुरू होतेय, ‘उमिबोझू’. उमि म्हणजे समुद्र, बोझू म्हणजे मुंडन केलेला भिक्षू. ‘दर्यागोसावी’ लिहू का?

आंबोळी
गोसावी मुंडन करणत नाय, जटा ठेवतत.

रुकार
‘यती’.

आंबोळी
यती हिमालयात.

पिंपळपान
तो ‘येती’.