विषय: सभासद-यादी आयात करताना 'ॲक्सेस इज डिनाइड'

प्रेषक: खजिनदार (सध्या मुक्काम पुणे)

नमस्कार मंडळी,
मंडळाच्या जुन्या वर्गणी-वह्या कर्वे रोडवरच्या एका ऑफिसात टाइप करून झाल्या. सीएसव्ही फाइली (स्वल्पविरामाने वेगळी केलेली साधी यादी) तिथल्या शेअर्ड फोल्डरमध्ये आहेत. माझ्या लॅपटॉपवर तो झेड ड्राइव्ह म्हणून दिसतो, फाइल उघडतेही. पण एसक्यूएल सर्व्हर (जिथे यादीचा डेटाबेस आहे) वेगळ्या मशीनवर आहे आणि तिथे बल्क इन्सर्ट (फाइल एकदम टेबलात भरणारी आज्ञा) चालवलं की 'एरर ३', म्हणजे पाथ सापडत नाही. झेडऐवजी शेअरचा पूर्ण पत्ता दिला तर 'एरर ५, ॲक्सेस इज डिनाइड'. इथला मुलगा म्हणतो, 'एव्हरीवन'ला फुल कंट्रोल देऊन टाका, मॅडम. देऊ का? गणपतीच्या आत यादी हवी आहे.

प्रेषक: वेबसाइट समिती

ताई, अजिबात देऊ नका. त्या फाइलींत लोकांचे पत्ते आणि फोन नंबर आहेत, आणि ऑफिस दुसऱ्याचं आहे.

३ वरून ५ वर आलात म्हणजे गाडी पुढे सरकली. झेड ड्राइव्ह फक्त तुमच्या लॉगिनपुरता असतो, सर्व्हरला तो दिसतच नाही. पूर्ण पत्त्याने तो फोल्डरपर्यंत पोचला, पण दारात अडला. सोसायटीचा वॉचमन तुम्हाला ओळखतो, तुम्ही पाठवलेल्या माणसाला नाही, तसं.

हा माणूस कोण, हे तुम्ही लॉगिन कसं करता त्यावर ठरतं. 'एसए'सारखं एसक्यूएल लॉगिन असेल तर फाइल सर्व्हरची सर्व्हिस वाचते. तिचं खातं बदललेलं नसेल तर नेटवर्कवर ती मशीनच्या नावाने जाते, शेवटी डॉलरचं चिन्ह लावून. विंडोज लॉगिन असेल तर सर्व्हर तुमच्याच नावाने जाऊ पाहतो, पण तुमची ओळख लॅपटॉपवरून सर्व्हरवर आणि तिथून पुढे शेअरपर्यंत आपोआप जात नाही. त्यासाठी कर्बरॉस डेलिगेशन (तुमची ओळख पुढे नेण्याची सर्व्हरला दिलेली खास मुभा) लागतं. एका यादीसाठी त्यात पडू नका, एसक्यूएल लॉगिन वापरा.

मग त्या मशीनच्या खात्याला फोल्डरवर फक्त 'रीड' द्या. शेअरिंग आणि सिक्युरिटी, दोन्ही टॅबमध्ये. दोन्हींपैकी जी परवानगी कमी, तीच चालते. नाव शोधताना 'ऑब्जेक्ट टाइप्स'मध्ये 'कॉम्प्युटर्स'वर टिक करा. ती टिक मुळात नसते, म्हणून नाव सापडत नाही आणि माणूस वैतागून 'एव्हरीवन'वर येतो.

हे सगळं डोमेन असेल तर, म्हणजे ऑफिसातली मशीन्स आणि खाती एकाच ठिकाणून सांभाळली जात असतील तर. नसेल तर फाइल सरळ सर्व्हरच्या डिस्कवर, सर्व्हिसला वाचता येईल अशा फोल्डरमध्ये कॉपी करा. आधी डेस्कटॉपवर टाकून तिथून कट-पेस्ट मात्र नको. त्याच ड्राइव्हवर हलवलेली फाइल जुन्या परवानग्या घेऊन येते आणि पुन्हा एरर ५.

प्रेषक: खजिनदार

दादा, डोमेन आहे. कॉम्प्युटर्सची टिक केली, नाव सापडलं, फाइल आत आली! पण नावांच्या जागी चित्रविचित्र अक्षरं दिसताहेत.

प्रेषक: वेबसाइट समिती

फाइल यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायची एक पद्धत) असणार. बल्क इन्सर्टमध्ये कोडपेज ६५००१ (यूटीएफ-८ चा क्रमांक) द्या, एसक्यूएल सर्व्हर २०१६ किंवा त्यानंतरचा असेल तर चालेल. नावाचा कॉलम एनव्हारकॅर (युनिकोड मजकुराचा प्रकार) हवा, नाहीतर देवनागरीची प्रश्नचिन्हं होतील. आणि पुन्हा आयात करण्याआधी टेबल रिकामं करा, नाहीतर प्रत्येकाला वर्गणीची दोन-दोन पत्रं जातील.