बेझेलची चकती चिकटवायला कोणता गम? मदत हवी आहे, लवकर सांगा

ओलीतवाला, घाटंजी
घडीची वरची रिंग निघाली भाऊ. नवीन मागवली, एकदा चिकटवून पाह्यली, चार दिवसांत पुन्हा निघाली अन् काचेच्या कडेनं पांढरं धुरकट आलं ते वेगळंच. तालुक्यातला दुकानदार म्हणते ठेवून जा, आठ दिवस लागतील. आठ दिवस मी घडी देऊ शकत नाही, हरभऱ्याचं ओलीत चालू आहे. ज्याले माहीत आहे त्यानं फक्त गमचं नाव सांगा.

टिकटिक, नागपूर
नाव सांगतो पण आधी घड्याळ कोणतं ते सांगा. काचेभोवतीचं फिरणारं कडं, म्हणजे अख्खं बेझेल निघालं का त्याच्यावरची आकड्यांची पातळ चकती? चकती अॅल्युमिनियमची का सिरॅमिकची? पहिल्यांदा कशानं चिकटवली होती? फोटो असेल तर टाका.

पाटीलकाका, मोर्शी
अराल्डाइट घे, दोन ट्यूबवाला, डोळे मिटून. माझ्या फवारणी पंपाच्या टाकीले चीर गेली होती, दोन्ही सारखं कालवून लावलं, तीन हंगाम झाले थेंब गळला नाही.

शुभम, आर्वी
दादा दुकानात जाणारच आहात तर सेल पण बदलून घ्या, एकदा उघडलं की वॉटरप्रूफ राहत नाही म्हणतात.

ओलीतवाला, घाटंजी
सेल नाही बावा याच्यात, हातावर हालली की आपोआप चावी भरते. सेकोची एसकेएक्स ००७ आहे, नुसतं ००७ म्हणतात ती. अख्खं बेझेल जागेवर आहे, कटकट करत फिरते, फक्त चकती निघाली. पातळ पत्र्याची आहे. लावली होती ती पाच रुपयाची झटकन चिकटवणारी ट्यूब मिळते ना किराण्यात, ती. घाई काऊन करतो ते पण सांगतो. या आठवड्यात आमच्याकडं विजेची लाइन रात्रीची आहे, मी चकतीवरचा त्रिकोण मिनिटकाट्यावर आणतो अन् एका सरीले पाणी किती वेळ चाललं ते पाहतो, मंग दांड फोडून पुढच्या सरीत घेतो. चकतीच नाही तर रात्री काय पाहू?

राहुल_वणी
मोबाईलवर टायमर लावा ना.

ओलीतवाला, घाटंजी
हात चिखलानं भरलेले राहतात भाऊ, ओल्या बोटानं स्क्रीन चालत नाही. त्रिकोणातला ठिपका अंधारात चमकते, काटे चमकतात, तेवढं पुरते मले.

टिकटिक, नागपूर
आता कळलं. हे ऑटोमॅटिक डायव्हर, म्हणजे पाणबुड्यांसाठीचं घड्याळ आहे, कंपनीनं २०१९ मध्ये बंद केलं, त्यामुळं हे जपायलाच पाहिजे. झटपट गमची वाफ निघते आणि थंड गुळगुळीत जागेवर बसते, तेच तुमचं पांढरं. पोलीस बोटांचे ठसे उठवायला हीच वाफ वापरतात. शिवाय तो सुकला की काचेसारखा कडक होतो, फावड्याच्या दांड्याला हात आपटला की तडकून सुटतो. आणि काकांचा अराल्डाइट याच्यासाठी नको. पंपाच्या चिरेला तो बरोबरच आहे, पण ही चकती उद्या घासली तर पुन्हा काढावी लागणार, आणि अराल्डाइटवरची पत्र्याची चकती वाकल्याशिवाय निघत नाही.

पाटीलकाका, मोर्शी
निघू नये म्हणूनच तर चिकटवतात ना गा.

मोबाईलवाली_ताई, पांढरकवडा
काका, घड्याळात तसं नसते. दादा, बी-७००० घ्या. आम्ही मोबाईलची काच त्यानंच बसवतो, कोणत्याही रिपेअरिंगच्या दुकानात मिळेल. पारदर्शक तो बी, काळा तो टी-७०००. सुकल्यावर रबरासारखा राहतो, धक्का खातो, अन् काढायचा असला की हेअर ड्रायरच्या गरम हवेनं सैल होते. लावल्यावर दोनचार मिनिटं सरकवता येते, पण पूर्ण पकडायला २४ तास लागतात, थंडीत त्याहून जास्त.

अमोल_डीआयवाय
एवढी वाट कशाला, यूव्ही गम लावा आणि अंगणात उन्हात ठेवा, आपल्याकडं ऊन कमी आहे का.

मोबाईलवाली_ताई, पांढरकवडा
पत्र्याच्या आरपार ऊन जाते का? वरून उजेड पोचला तरच तो गम कडक होतो. स्क्रीनखाली चालते कारण तिथं काच आहे. इथं कडेचा सुकेल अन् आतला तसाच चिकचिकीत राहील.

अमोल_डीआयवाय
माझ्या सिरॅमिकवर टिकलाय, सहा महिने झाले.

टिकटिक, नागपूर
सिरॅमिकमधूनही उजेड जात नाही. तुमची चकती खाचेत घट्ट बसली असेल, म्हणून टिकली. ओलीतवाले, एक दिवससुद्धा थांबायचं नसेल तर तयार डबल टेपची रिंग मिळते, या मॉडेलला ३८ मिमीची चकती लागते त्याच मापाची. कंपनीचीही तशीच असते. फक्त जाड टेप घेऊ नका, चकती वर उचलली जाते आणि बाहीला अडकते.

देशमुख_जुनी_घड्याळं, अकोला
मूळ विषय सोडून बोलतोय, पण चावीच्या घडीची मजा वेगळी. एचएमटीची जनता आहे माझ्याकडं, बाबांची, काच घासली की दातांच्या पेस्टनं चकचकीत होते.

टिकटिक, नागपूर
देशमुख साहेब, जनतेची काच अॅक्रिलिक, म्हणजे प्लॅस्टिकची, म्हणून तिच्यावरचे ओरखडे पेस्टनं निघतात. ओलीतवाल्यांची काच खनिज, म्हणजे मिनरल ग्लास आहे, तिच्यावर पेस्ट काम करणार नाही. त्या पांढऱ्यासाठी नेलपॉलिश रिमूव्हर, तोही अॅसिटोनवाला, कापसाच्या काडीवर जेमतेम ओला करून. चकतीच्या ठिपक्याला आणि काचेखालच्या रबराला लागू देऊ नका. आणि अॅक्रिलिक काचेवर कोणी अॅसिटोन लावू नका रे, काच जाईल.

ओलीतवाला, घाटंजी
ठीक. पण मागच्या वेळेस त्रिकोण बारावर आलाच नव्हता, जरासा डावीकडं. तेवढ्यानं माझा हिशोब चुकते.

मोबाईलवाली_ताई, पांढरकवडा
आधी खाचेतला जुना गम टूथपिकनं पूर्ण काढा, तोच चकतीले तिरपं बसवते. मंग बेझेल फिरवून एका कटवर, म्हणजे कट वाजून थांबते त्या जागी सोडा, दोन कटांच्या मधी नको. टाचणीच्या टोकावर येईल एवढे सात-आठ ठिपके लावा, जास्त नको, गम खाली उतरला तर बेझेल फिरणंच बंद होईल. चकती ठेवली की शिवायचा दोरा बारापासून सहापर्यंत ताणून धरा, त्रिकोणाचं टोक अन् तीसचा आकडा दोऱ्याखाली आले पाहिजे. नाही आले तर लगेच सरकवा.

टिकटिक, नागपूर
दोऱ्याची गोष्ट बरोबर. या बेझेलला १२० कट आहेत, म्हणजे एक कट अर्ध्या मिनिटाचा. कटवरून चुकलं तर तेवढं सतत चुकत राहतं.

ओलीतवाला, घाटंजी
केलं. रविवारी लाइन नव्हती, सकाळी लावून दिली. जुना गम काढायलेच दीड तास गेला, टूथपिकाच्या टोकावर काचेच्या चुऱ्यासारखा येत होता. दोऱ्यानं पाह्यलं तर त्रिकोण पुन्हा डावीकडंच गेला होता, नखानं केसभर सरकवला तेव्हा जमलं. वर औषधाच्या बाटलीचं झाकण उलटं ठेवून रबर बांधलं, सोमवारी संध्याकाळी सोडलं. काचेचं पांढरं ऐंशी टक्के गेलं, चारच्या खुणेपाशी थोडं आहे, ते राहू देतो. काल रात्री अकरा सऱ्या झाल्या, बेझेल बरोबर फिरते. ताई, तुमचा गम अर्धी ट्यूब उरला, तो कसा ठेवू? टोकाले सुकून जाऊन राह्यला.

मोबाईलवाली_ताई, पांढरकवडा
टोकात टाचणी खुपसून झाकण लावा अन् ट्यूब उभी ठेवा.