टेक कंपन्यांचे सीईओ आणि संचालक आधी काय करत होते? नववी-दहावीच्या मुलांना सांगायचंय

रहिमतपूरच्या_बाई

नमस्कार. सातारा जिल्ह्यात रहिमतपूरजवळच्या एका हायस्कूलमध्ये मी गणित-विज्ञान शिकवते. यंदा करिअर मार्गदर्शनाचा तास माझ्याकडे आलाय. मोठ्या टेक कंपन्या चालवणारी माणसं कुठून आली याचा तक्ता करायचं ठरवलं. पांढरी कार्डशीट, निळा मार्कर आणि चार रकाने: नाव, शिक्षण, पहिली नोकरी, आत्ताचं पद. सत्या नडेला, सुंदर पिचाई, अरविंद कृष्णा अशी नावं लिहून तक्ता प्रयोगशाळेच्या दाराशेजारी लावला.

नववीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत डबा हातात घेऊन तो वाचत उभी होती. तिचे वडील हंगामात कारखान्यावर उसाचा ट्रॅक्टर चालवतात. पुन्हा पुन्हा वाचून मला म्हणाली, "बाई, ही माणसं पहिल्या नोकरीतनं एकदम हिकडं कशी आली? मधलं कुठाय?"

मधलं खरंच कुठे नव्हतं. नडेला १९८८ ला मणिपालहून इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाले, अमेरिकेत एमएस केलं, थोडा काळ सन मायक्रोसिस्टिम्समध्ये होते, आणि पुढच्या रकान्यात थेट मायक्रोसॉफ्टचे सीईओ! त्या रात्री बसून सालं मोजली. नडेला मायक्रोसॉफ्टमध्ये लागले १९९२ ला, सीईओ झाले २०१४ ला. २२ वर्षं. कृष्णा आयबीएममध्ये १९९० ला लागले आणि २०२० ला सीईओ झाले. ३० वर्षं. पिचाई गूगलमध्ये २००४ ला आले, २०१५ ला गूगलचे सीईओ झाले. ११ वर्षं, पण त्याआधीची वेगळीच. पोरीनं बोट ठेवलं ते बरोबर तिथंच. सगळी नोकरी मी एका उभ्या रेघेत उडवून टाकली होती.

दुसरी अडचण 'संचालक' या शब्दाची. आमच्या मुलांना संचालक म्हणजे कारखान्याचा, सोसायटीचा, नाहीतर बँकेचा. पॅनेल पडतं, गुलाल उधळतो. ती विचारतात, "टेक कंपनीचे संचालक पण निवडून येतात का? त्यांना कॉम्प्युटर येतो का?"

आणि तिसरं, माझ्या मनातलं. आयआयटी आणि अमेरिका सोडून, गावच्या शाळेतून किंवा कॉमर्समधून वर गेलेली माणसं आहेत का? नसतील तर नाहीत असंच सांगेन, खोटं सांगायचं नाही. कुणी या क्षेत्रातलं असेल तर कृपया लिहा.

मिरजेचा_एमसीए

मॅडम, तिसऱ्या प्रश्नाला मी उत्तर देतो, कारण तो माझाही होता.

एन. चंद्रशेखरन. तमिळनाडूत नामक्कलजवळच्या मोहनूरचे. घरी शेती. शाळा गावातलीच, सरकारी, तमिळ माध्यमाची. कोइम्बतूरला बीएस्सी केलं, मग त्रिचीच्या रिजनल इंजिनिअरिंग कॉलेजातून १९८६ ला एमसीए, म्हणजे कॉम्प्युटरची पदव्युत्तर पदवी. बीई नाही, आयआयटी नाही. १९८७ ला टीसीएसमध्ये लागले, २००९ ला तिथेच सीईओ झाले आणि २०१७ ला टाटा सन्सचे अध्यक्ष. तुमच्या नडेलांसारखीच इथंही बरोबर २२ वर्षं आहेत, मोजून बघा.

मी सांगलीत बीएस्सी आणि मग एमसीए केलं. पुण्यात पहिल्या वर्षी एका कंपनीत मुलाखतीला गेलो, तर समोरच्या माणसानं बायोडेटाची पहिली ओळ वाचली आणि "बीई नाही का?" म्हणून कागद उलटा करून बाजूला ठेवला. दुसरा प्रश्नच नाही. परत येताना स्वारगेटला मिरजेची एसटी लागेपर्यंत तो कागद हातातच होता. चंद्रशेखरन यांचं शिक्षण मला त्यानंतर चार वर्षांनी कळलं. शाळेत कुणी सांगितलं असतं तर त्या दिवशी इतका खचलो नसतो. म्हणून तुमच्या तक्त्यात हे नाव सगळ्यात वर घ्या अशी विनंती.

अजून एक. मुलांना वाटतं कॉम्प्युटर शिकलं तरच कॉम्प्युटरच्या कंपनीत. पिचाई खरगपूरला शिकले ते धातुशास्त्र. इन्फोसिसचे सलील पारेख आयआयटी मुंबईत एरोनॉटिकल शिकले. ॲपलची २०११ ला सूत्रं हातात घेणारे टिम कुक इंडस्ट्रियल इंजिनिअर, आणि ॲपलमध्ये येण्याआधी त्यांची बारा वर्षं आयबीएममध्ये गेली.

विट्याची_सीएस

ताई, मी कंपनी सेक्रेटरी आहे, पुण्यात. संचालक मंडळाच्या बैठकीची कागदपत्रं तयार करणं हे माझं रोजचंच काम, त्यामुळे दुसरा प्रश्न माझा.

मुलांचा प्रश्न अगदी योग्य आहे. कंपनीचे संचालकही मतदानानेच येतात, सभासदांऐवजी भागधारक मत देतात इतकंच. पण फरक मोठा आहे. सहकारी कारखान्यात एक सभासद एक मत. पाच गुंठेवाल्याचं आणि पन्नास एकरवाल्याचं मत सारखंच. कंपनीत जितके शेअर तितकी मतं. हा फरक फळ्यावर लिहा, नववीच्या मुलांना नक्की समजेल, त्यांच्या घरात शेअर सर्टिफिकेट कारखान्याचं असतंच.

ज्याच्याकडे जास्त शेअर त्याचंच चालणार असेल, तर बाकीच्यांच्या पैशाकडे कोण बघणार? म्हणून कंपनी कायदा २०१३ सांगतो की शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत किमान एक तृतीयांश संचालक स्वतंत्र हवेत. मालकांशी नातं नको, कंपनीशी पैशाचे व्यवहार नकोत. सलग पाच-पाच वर्षांच्या दोन मुदती, मग बाहेर. अशा कंपनीत किमान एक स्त्री संचालक असलीच पाहिजे, हेही त्याच कायद्यात. आणि ऑडिट कमिटी असते, म्हणजे कंपनीच्या हिशेबांवर नजर ठेवणारी संचालकांची समिती. तिच्या अध्यक्षासह बहुतेकांना ताळेबंद वाचून कळला पाहिजे, ही तर कायद्यातलीच अट आहे. कोडिंग यायला पाहिजे असं कुठेही म्हटलेलं नाही. म्हणून तिथे सीए, वकील, प्राध्यापक, निवृत्त सनदी अधिकारी दिसतात.

कॉमर्सवाल्यांचं विचारलंत. पुण्याची केपीआयटी १९९० साली उभी राहिली ती कीर्तने आणि पंडित या सीए फर्ममधून. रवी पंडित सीए, किशोर पाटीलही सीए. आज ती कंपनी गाड्यांची सॉफ्टवेअर करते. इन्फोसिसचे मोहनदास पै सीए. १९९४ पासून हिशेबाची बाजू सांभाळली, मग मनुष्यबळ, आणि अनेक वर्षं संचालक मंडळावर. रोशनी नाडर मल्होत्रा आधी टीव्हीच्या बातम्यांत निर्मिती करायच्या, २०२० पासून एचसीएल टेकच्या अध्यक्ष आहेत. मात्र त्या संस्थापकांच्या कन्या आहेत हेही त्याच रकान्यात लिहा. मुलांपासून ते लपवू नये.

आता जे मला मनापासून सांगायचंय ते. नुसत्या मोठ्या पदव्या बघू नका म्हणावं. सत्यम या हैदराबादच्या सॉफ्टवेअर कंपनीच्या मंडळावर हार्वर्डचे प्राध्यापक होते, पेंटियम चिपमुळे जगभर नाव झालेले विनोद धाम होते, माजी कॅबिनेट सचिव होते. यापेक्षा भारी यादी कुठली? डिसेंबर २००८ मध्ये याच मंडळाने मालकाच्या घरच्या दोन मेटास कंपन्या विकत घ्यायला मंजुरी दिली, गुंतवणूकदार खवळले म्हणून ते मागे घ्यावं लागलं. ७ जानेवारी २००९ ला सत्यमचे अध्यक्ष रामलिंग राजूंचं पत्र आलं: बँकेतली शिल्लक ५,०४० कोटी रुपयांनी फुगवून दाखवली होती. मी तेव्हा सीएसची परीक्षा देत होते. आमच्या सरांनी ते पत्र वर्गात शब्दन् शब्द वाचून घेतलं आणि प्रत्येक वाक्यानंतर एकच विचारलं, "हा प्रश्न बैठकीत कुणी विचारायला हवा होता?" मी आजही बैठकीची टिपणं लिहिताना ते मनात असतं.

त्यानंतर सरकारने नवीन मंडळ नेमलं, त्यात एचडीएफसीचे दीपक पारेख, सॉफ्टवेअर कंपन्यांची संघटना नॅसकॉमचे माजी अध्यक्ष किरण कर्णिक, कायद्याचे जाणकार सी. अच्युतन आणि थोड्या दिवसांनी सीए टी. एन. मनोहरन आले. एप्रिलमध्ये टेक महिंद्राने कंपनी घेतली. हजारो पगार वाचले. ही माणसं तक्त्यावर हवीत असं मला वाटतं.

माहिती हवी असेल तर कंपनीच्या वार्षिक अहवालात प्रत्येक संचालकाची ओळख छापलेली असते. वेबसाइटवर फुकट मिळतो.

खानदेशी

अंमळनेर विसरू नका बाई. विप्रो १९४५ साली आमच्या अंमळनेरात वनस्पती तुपाची कंपनी म्हणून सुरू झाली. वडील वारले आणि १९६६ मध्ये अझीम प्रेमजी एकविसाव्या वर्षी स्टॅनफर्डचं शिक्षण अर्धं सोडून आले. कॉम्प्युटर खूप नंतर. गावात लोकांच्या घरी अजून ते शेअर आहेत.

रहिमतपूरच्या_बाई

सगळ्यांचे मनापासून आभार. मिरजेच्या दादा, तुमचा कागदाचा प्रसंग वर्गात सांगू का? नाव घेणार नाही.

काल नवीन कार्डशीट आणली. आता पाच रकाने आहेत आणि 'मधली वर्षं' हा सगळ्यात रुंद ठेवलाय. चंद्रशेखरन सगळ्यात वर. त्या मुलीलाच भरायला दिलं. पिचाईंच्या रकान्यात तिनं आधी अप्लाइड मटेरियल्स आणि मॅकिन्सी लिहिलं, मग गूगलमध्ये टूलबार, मग २००८ ला क्रोम, आणि विचारलं, "म्हणजे आपण फोनवर उघडतो ते क्रोम?" ती 'ऑडिट कमिटी'पाशी अडलीय. कारखान्याच्या अहवालात ऑडिटरचं पान असतं तेच का हे, असं तिचं म्हणणं, आणि मला ते नीट सांगता आलं नाही.

विट्याच्या ताई, पुण्याहून गावी जाताना रहिमतपूर वाटेतच लागतं. शनिवारी आमची सकाळची शाळा असते. एखाद्या शनिवारी तासभर थांबाल का?