मदत हवी आहे: प्रशिक्षण संपवून पहिल्या युनिटमध्ये गेलेल्या अग्निवीराचे रोजचे जीवन

नमस्कार,

माझा धाकटा भाऊ अग्निवीर (टेक्निकल) म्हणून भूदलात भरती झाला. जबलपूरच्या सिग्नल (लष्करी संपर्क यंत्रणा) ट्रेनिंग सेंटरमध्ये त्याने आधी मूलभूत लष्करी प्रशिक्षण आणि त्यानंतर ट्रेडचे, म्हणजे त्याच्या तांत्रिक कामाचे, प्रशिक्षण पूर्ण केले, आणि आता तो आपल्या पहिल्या युनिटमध्ये हजर झाला आहे. युनिटचे नाव आणि ठिकाण मी मुद्दाम लिहीत नाही. उत्तर देणाऱ्यांनीही असे तपशील टाळावेत, ही विनंती. मला हवी असलेली माहिती गोपनीय नाही. सेवेत असलेल्या किंवा निवृत्त झालेल्या कोणालाही जे सहज ठाऊक असते, पण ज्यांच्या घरात याआधी कोणीच सैन्यात नव्हते अशा आमच्यासारख्यांना जे कोणी सांगत नाही, तेच मला विचारायचे आहे.

प्रशिक्षणाच्या काळात त्याचा दिवस कसा जातो हे आम्हाला साधारणपणे समजत होते, कारण प्रत्येक तास उस्तादांनी ठरवून दिलेला असे आणि प्रत्येक आठवड्याला पुढचा टप्पा दिसत असे. युनिटमध्ये गेल्यापासून मात्र त्याच्या बोलण्यातून वेगळेच चित्र समोर येते. ज्या उपकरणांवर काम करायला तो शिकला त्यांना हात लावण्याची संधी क्वचित मिळते. बराचसा वेळ गार्ड ड्युटी, फटीग (सामाईक अंगमेहनतीची कामे), स्टोअरमधील सामानाची मोजणी आणि बॅरेकची साफसफाई यांत जातो. तो तक्रार करत नाही, आणि त्याने तक्रार करावी अशी आमचीही इच्छा नाही. परंतु मागच्या वेळी फोनवर त्याने मला विचारले, “दादा, शिकलेलं सगळं मी विसरून तर जाणार नाही ना?” या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते.

त्याची चिंता निराधार आहे असे मला वाटत नाही. अग्निपथ योजनेत सेवा चार वर्षांची असून प्रशिक्षणाचा काळही त्यातच मोजला जातो, आणि चार वर्षांनंतर प्रत्येक तुकडीतील जास्तीत जास्त २५ टक्के जवानांनाच नियमित सेवेत घेतले जाणार आहे. अशा वेळी पहिले वर्ष जर झाडलोट आणि पहाऱ्यात गेले, तर तो मागे पडेल का? की नव्या जवानाला प्रत्येक युनिटमध्ये याच वाटेने जावे लागते आणि कामाची जबाबदारी हळूहळू मिळत जाते? दिवसभरातला किती वेळ त्याचा स्वतःचा असतो, आणि त्या वेळाचा त्याने कसा उपयोग करावा? आपली अडचण वरिष्ठांना सांगायची असेल तर ती कोणाला आणि कोणत्या पद्धतीने सांगावी, म्हणजे ती कुरकुर ठरणार नाही?

पैशाबाबत आम्ही घरात आधीच ठरवले आहे की त्याच्याकडून काहीही मागायचे नाही. पहिल्या वर्षी ३०,००० रुपयांपैकी २१,००० हातात येतात, ९,००० सेवा निधीत (चार वर्षांनंतर मिळणाऱ्या रकमेच्या निधीत) जातात आणि तेवढीच रक्कम सरकार भरते, इतके आम्हाला माहीत आहे. त्यामुळे त्याविषयी माझा प्रश्न नाही. त्याचे मन कामात लागावे, एवढीच मला काळजी आहे.

प्रतिसाद (निवृत्त हवालदार, सिग्नल्स)

आपल्या भावाचे जे चालले आहे ते अगदी नेहमीचे आहे, हे आधी सांगतो. सेंटरमध्ये सगळी यंत्रणा रंगरुटाला शिकवण्यासाठी राबत असते. युनिटला स्वतःचे काम असते, आणि नवीन आलेल्या जवानावर त्यातले किती सोपवता येईल हे कळेपर्यंत त्याला सगळ्यांच्या वाट्याची सामाईक कामे दिली जातात. सकाळी पीटी, न्याहारीनंतर फॉलिन (रांगेत हजेरी), मग ज्याच्या त्याच्या कामावर रवानगी, दुपारनंतर गेम्स आणि संध्याकाळी रोल कॉल, असा शांततेच्या ठिकाणचा साधारण दिवस असतो. रोल कॉलला दुसऱ्या दिवसाच्या ड्युट्या सांगतात. गार्ड लागली की झोपेचे वेळापत्रक बदलते, आणि त्याची सवय व्हायला वेळ लागतो.

गार्ड आणि फटीग यांना तो वाया गेलेला वेळ समजत असेल, तर त्याला माझ्या वतीने एक गोष्ट जरूर सांगा. कंपनी हवालदार मेजर नव्या मुलाला आधी तिथेच पाहतो. गणवेश नीट आहे का, वेळेवर उभा राहतो का, सांगितलेले काम दुसऱ्यांदा सांगावे लागते का, स्टोअरची मोजणी जुळते का, या गोष्टींवरून कोणत्या मुलाला कोणत्या डिटॅचमेंटवर (कामासाठी वेगळ्या पाठवलेल्या लहान तुकडीवर) न्यायचे हे ठरते. ट्रेडमधले कौशल्य टिकवण्याचा मार्गही तिथूनच निघतो. उपकरणांच्या देखभालीच्या वेळी हात कमी पडतात, त्या वेळी एखाद्या अनुभवी नायकाला (हवालदाराच्या खालचा हुद्दा) “मी मदतीला येऊ का?” असे विचारणाऱ्या मुलाला सहसा कोणी परत पाठवत नाही, मीही कधी पाठवले नाही. बॅटरीची निगा, केबल टाकणे आणि गुंडाळणे, लॉगबुक लिहिणे ही कामे किरकोळ दिसतात, पण एक्सरसाइजला बाहेर पडल्यावर संपर्क तुटतो तो बहुतेक वेळा याच कामातल्या हयगयीमुळे. युनिट सरावासाठी बाहेर निघाले की त्याला शिकलेले सगळे वापरावे लागेल. तोपर्यंत सेंटरमधल्या वह्या त्याने जवळ ठेवाव्यात आणि वाचाव्यात.

शारीरिक चाचण्यांकडे त्याने आतापासूनच लक्ष द्यावे. आमच्या वेळी बीपीईटीत (लढाईसाठीच्या शारीरिक क्षमतेची चाचणी) पूर्ण साजासह ५ किलोमीटर धावणे आणि दोर चढणे असे, तर पीपीटीत (शारीरिक प्रावीण्य चाचणी) २.४ किलोमीटरची धाव असे. सेंटरमधून आलेली मुले तंदुरुस्त असतात, आणि युनिटमध्ये रोज कोणी मागे लागत नाही म्हणून काही महिन्यांत ढिली पडतात. निवडीच्या वेळी हा फरक उघड दिसतो.

अडचण सांगायची पद्धत ठरलेली आहे. आधी आपल्या सेक्शनचा एनसीओ (नायक, हवालदार अशा हुद्द्याचा अधिकारी), मग हवालदार मेजर, मग सुभेदार साहेब. गरज पडली तर रीतसर इंटरव्ह्यू मागून कंपनी कमांडरसमोर जाता येते. या मार्गाने गेलेल्या जवानाला कोणी कुरकुऱ्या म्हणत नाही. सैनिक संमेलनात सीओ (युनिटचे प्रमुख) साहेबांसमोर सर्वांना बोलण्याची मुभा असते, परंतु वैयक्तिक गोष्ट तिथपर्यंत न नेता खालीच सोडवावी, असे माझे मत आहे.

प्रतिसाद (जवानाची पत्नी)

कामाविषयी वर सविस्तर आलेच आहे. घरच्यांच्या बाजूने एवढेच सांगते की, त्याचा फोन आला नाही म्हणून लगेच युनिटमध्ये चौकशी करू नका. गार्डवर किंवा सरावावर असताना फोन जवळ नसतो. अग्निवीरांना वर्षाला ३० दिवसांची रजा असते, तर नियमित जवानांना ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची नैमित्तिक रजा मिळते. त्यामुळे घरातले प्रत्येक लग्न आणि प्रत्येक सण त्याला कळवून त्याच्यावर रजेचा ताण आणू नका. खरोखर महत्त्वाचे प्रसंग कोणते ते आधी घरात ठरवा आणि बरेच आधी सांगा, म्हणजे तो वेळेवर अर्ज करू शकेल. त्याचे बोलणे फारच तुटक झाले, झोप किंवा जेवण कमी झाले असे जाणवले, तर युनिटच्या एमआय रूममधील (दवाखान्यातील) डॉक्टरांना भेटायला सांगा. १४४१६ या टेलि-मानस (मानसिक आरोग्य मदतवाहिनी) क्रमांकावरही बोलता येते.

मूळ धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. हवालदार साहेब, तुमचा प्रतिसाद मी त्याला जसाच्या तसा वाचून दाखवणार आहे, विशेषतः देखभालीच्या वेळी स्वतःहून मदतीला जाण्याविषयीचा भाग.

एक प्रश्न उरतो. अग्निवीरांसाठी इग्नूने जो पदवी अभ्यासक्रम आखला, त्यात ५० टक्के श्रेयांक सेवेतील कौशल्य प्रशिक्षणातून आणि उरलेले ५० टक्के इतर विषयांतून मिळतात, असे वाचले आहे. त्याला हा अभ्यासक्रम करायचा आहे. नोंदणीसाठी त्याने युनिटच्या कार्यालयात कोणाकडे अर्ज द्यावा, आणि परीक्षेच्या काळात युनिट सरावावर असेल तर काय करतात? ज्यांच्या घरातील कोणी ही नोंदणी केली आहे, त्यांनी कृपया अनुभव लिहावा.