काळा दिवस, हुतात्मा दिन, महामेळावा... मधल्या दिवसांचं काय?

वडगावकर: कर्नाटकात गेलेल्या सीमाभागातल्या आपल्या मराठी माणसांचं वर्ष ठरलेलं आहे. १७ जानेवारीला १९५६ च्या हुतात्म्यांना अभिवादन, १ जूनला हिंडलग्याच्या स्मारकावर १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी लढ्यातल्या हुतात्म्यांना, १ नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, काळा दिवस, आणि बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की महाराष्ट्र एकीकरण समितीचा महामेळावा. मी शाळेत असल्यापासून दंडाला काळी फीत बांधून सायकल फेरीत असतो.

पण घरी वीजबिल आलं की वडील नातीला हाक मारतात. ती शाळेत कन्नड शिकते. आकडे ते स्वतः वाचतात, बाकीचं ती बोट ठेवून सांगते आणि ते मान खाली घालून ऐकतात. आयुष्यभर हिशेब लिहिलेला माणूस! भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांवर असतील तिथे महत्त्वाच्या नोटिसा त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे देशपातळीवर कधीच ठरलंय. समितीने आता वर्षभर तेवढंच लावून धरावं.

खानापूरकर: वडिलांचं वाचून गलबललो, पण पटलं नाही. अल्पसंख्याक म्हणून नोटिसा मागायच्या म्हणजे आपण इथलेच, हे सहीनिशी कबूल करायचं. मग २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात सीमाभागासाठी महाराष्ट्राचा दावा कशाला? १९६७ मध्ये महाजन आयोगाने बेळगाव कर्नाटकाकडेच ठेवलं, महाराष्ट्राने ते मानलं नाही. त्यानंतर हा प्रश्न जिवंत ठेवला तो रस्त्यावर उतरणाऱ्यांनी, अर्ज करणाऱ्यांनी नव्हे.

वडगावकर: घराचा दावा कोर्टात आहे म्हणून गळकं छप्पर शाकारायचं नाही का? आणि रस्त्यावरची माणसं मतपेटीत कुठे जातात? २०१८ आणि २०२३, दोन्ही विधानसभांना समितीचा एकही आमदार नाही. २०२१ ला बेळगाव महापालिकेत ५८ पैकी ३५ जागा भाजपला गेल्या. त्यात मराठी मतं नव्हती, असं छातीवर हात ठेवून सांगाल?

निपाणीची लेक: माझं सासर कन्नड. १ नोव्हेंबरला दारावर लाल-पिवळा झेंडा असतो आणि माहेरी भाऊ काळा शर्ट घालून निघतो. त्या दिवशी मी माहेरी फोन करत नाही. सासूबाई चांगल्या आहेत, पण काय बोलू? तुम्ही दोघंही हक्काचं बोलताय, रोजच्या येण्याजाण्याचं कोण बोलणार? २०२२ च्या डिसेंबरात तणाव वाढला, एसटी बंद झाल्या आणि आईची कोल्हापूरची तपासणी हुकली. ती पिशवी भरून स्टँडवर बसून होती.

खानापूरकर: ताई, गाड्या अडवणं चूकच, दोन्हीकडून. पण वडगावकर, अर्जाला दाद कोण देणार? २०२४ च्या दुरुस्तीने दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड सक्तीचं झालं. तरी लिहा तुम्ही, सही करतो. १ नोव्हेंबरची फेरी मात्र सोडणार नाही. माझ्या चुलत्याने ८६ साली लाठ्या खाल्ल्यात, आणि अजून ते दारात उभे राहून फेरी जाईपर्यंत बसत नाहीत.