स्पंजाच्या नावातला कंस कशासाठी?

प्रश्न:
वेल्सच्या किनाऱ्यावर ओहोटीला खडकावर हिरवट स्पंज दिसला. पुस्तकात नाव ‘हॅलिकॉन्ड्रिया पॅनिसिया (पल्लास, १७६६)’. लेक विचारतेय, कंस कशाला?

प्रतिसाद १:
लेकीनं नेमकं हेरलंय! १७६६ मध्ये पल्लास या निसर्गअभ्यासकानं याला ‘स्पॉन्जिया पॅनिसिया’ म्हटलं होतं. पुढे वंश, म्हणजे नावाचा पहिला शब्द, बदलला, म्हणून मूळ नाव देणारा कंसात. पॅनिसिया म्हणजे पावासारखा. बोटांनी कुस्करा, चुराच होतो.

या बापड्याला पन्नासहून जास्त नावं मिळाली. लाटांच्या माऱ्यात तो खडकाला पापुद्र्यासारखा चिकटतो, शांत पाण्यात उंच वाढतो. उन्हात हिरवा, सावलीत पिवळट. प्रत्येकाला वाटलं, नवीन जात!

म्हणून मी रंगरूपावर विसंबत नाही. नखाएवढा तुकडा ब्लीचमध्ये ठेवते. मांसल भाग विरघळतो, तळाशी पांढरी भुकटी उरते. सूक्ष्मदर्शकाखाली त्या काचेच्या सुया दिसतात, म्हणजे स्पंजाचा सांगाडा; दोन्ही टोकं अणकुचीदार. मला हे दर वेळी तितकंच सुंदर वाटतं.

प्रतिसाद २:
सुया चुन्याच्या की सिलिकाच्या (काचेच्या), हे व्हिनेगरनं कळेल ना?

प्रतिसाद १:
हो, चुन्याच्या विरघळतात. पण आधी ब्लीच पाण्यानं पुन्हापुन्हा धुऊन पूर्ण काढा. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र आले तर विषारी वायू होतो. लेकीला हे एकटीला करू देऊ नका.