दचकण्याची प्रतिक्रिया तरंगल्यासारखी का दिसते?

धानाची बांधी
नमस्कार. मी वडसा परिसरातील एका गावात राहतो आणि ब्लेंडर हे त्रिमितीय अ‍ॅनिमेशनचे सॉफ्टवेअर घरीच शिकत आहे. सध्या एक छोटा प्रसंग करत आहे. धानाच्या राखणीसाठी मचाणावर बसलेला म्हातारा पेंगत असतो, खाली बांधीत रानडुक्कर शिरते आणि टॉर्चच्या उजेडात ते दिसताच म्हातारा हादरतो. मी त्याचे डोळे मोठे केले, जबडा छातीपर्यंत आणला, हात वर नेले आणि अंगही ताणले. तरीही तो दचकलेला वाटत नाही, पाण्यातून हळूहळू वर येत असल्यासारखा वाटतो. ताण आणखी वाढवला की डोके दुधीभोपळ्यासारखे लांबट होते. साध्या मुद्रेची की (त्या फ्रेमवर नोंदवलेली मुद्रा) पहिल्या फ्रेमवर आहे आणि दचकलेल्या मुद्रेची २० व्या फ्रेमवर. यात नेमके काय कमी पडत आहे?

रात्रपाळी
सेकंदाला २४ फ्रेम धरल्या, तर आपला म्हातारा पाऊण सेकंदाहून अधिक काळ दचकतच आहे. शिवाय दोन कींमधली हालचाल ब्लेंडर स्वतः भरतो आणि ती मुळातच संथ सुरू होऊन संथ थांबणारी असते. वर झेपावण्याचा भाग २ ते ३ फ्रेममध्ये उरकावा.

जुना पडदा
वरील उत्तर योग्य आहे, परंतु केवळ वेग वाढवल्याने काम भागणार नाही, कारण आपल्या प्रसंगात वर जाण्यापूर्वी खाली जाणेच नाही. आपल्या पूर्व विदर्भातील झाडीपट्टीच्या नाटकात विनोदी नट भूत पाहतो तेव्हा काय करतो, हे आपण दिवाळीनंतरच्या हंगामात अनेकदा पाहिले असेल. तो आधी सहज पाहतो, मान वळवतो, क्षणभर गप्प राहतो, मग खांदे आत घेऊन डोळे मिटून चक्क आकसतो आणि त्यानंतरच उसळतो. अगदी मागच्या तट्ट्याजवळ बसलेल्या माणसालाही ते पोहोचते, ते त्या आकसण्यामुळे.

संगणकावर हाच क्रम असा बसवता येईल. डुक्कर दिसल्यावर ६ ते ८ फ्रेम म्हाताऱ्याला जवळजवळ स्थिर ठेवावे, फक्त बुबुळे हलवावीत. पुढच्या ५-६ फ्रेममध्ये त्याला डोळे घट्ट मिटून खाली दाबावे आणि त्या दबलेल्या मुद्रेत ३-४ फ्रेम आणखी किंचित दबू द्यावे. मग २ फ्रेममध्ये सर्वाधिक ताणलेली मुद्रा यावी, ती १० ते १२ फ्रेम थरथरत टिकावी आणि त्यानंतर शरीर नेहमीच्या उंचीच्या थोडे खाली येऊन स्थिरावे. हे आकडे काही पवित्र नाहीत. पात्र जड असेल तर दबण्याला अधिक वेळ द्यावा.

सुरुवातीला सर्व कींचे इंटरपोलेशन, म्हणजे दोन कींमधली जागा भरण्याची पद्धत, कॉन्स्टंट ठेवावे, म्हणजे मुद्रा एकीवरून दुसरीवर थेट उडी मारतील. त्या अवस्थेत प्रसंग कळत नसेल, तर नंतर ग्राफ एडिटरमध्ये हालचालीच्या वक्ररेषा कितीही घासल्या तरी तो कळणार नाही. अमेरिकन दिग्दर्शक टेक्स एव्हरी यांच्या १९४० च्या दशकातील एमजीएम स्टुडिओच्या व्यंगपटांत डोळे खोबणीबाहेर उसळतात, हे सर्वांच्या लक्षात राहते. त्याआधीची स्तब्धता मात्र नवशिके पाहतच नाहीत, असे माझे मत आहे.

हाडांचा सापळा
लांबट डोक्याविषयी लिहितो. ब्लेंडरमध्ये हाडाची (पात्राला हलवणाऱ्या सांगाड्यातील भागाची) लांबी त्याच्या वाय अक्षावर असते. धड वायवर १.५ पट ताणले, तर एक्स आणि झेडवर ते सुमारे ०.८२ करावे, म्हणजे घनफळ तेच राहते आणि पात्र फुगल्यासारखे दिसत नाही. डोक्याचे हाड धडाच्या साखळीत असल्याने हा ताण त्यालाही लागतो. त्या हाडाच्या रिलेशन्स विभागात इनहेरिट स्केल (आधीच्या हाडाचा ताण घेणे) हे ‘नन’ (None) करावे. डोक्याला हवा तेवढा ताण मग वेगळा देता येईल.

धानाची बांधी
आपणा सर्वांचे आभार. दबण्याची मुद्रा घातल्यावर म्हातारा खरोखर दचकू लागला आणि डोकेही ठीक झाले. आता एवढेच विचारतो की डोळे, जबडा आणि हात एकाच फ्रेमवर उघडावेत काय?

जुना पडदा
नाही. सर्व अवयव एकाच फ्रेमवर पोहोचले, तर पात्र कळ दाबलेल्या बाहुलीसारखे वाटते. डोळे आधी उघडावेत, धड आणि जबडा १-२ फ्रेम मागून यावेत, हात त्याहून उशिरा, आणि मुंडाशाचा सुटलेला पदर सर्वांत शेवटी.

आपल्या प्रसंगात आणखी एक अडचण संभवते. टॉर्च हाताला जोडलेला असेल, तर हात वर जाताच उजेडही झाडांच्या शेंड्यावर जाईल आणि डुक्कर अंधारात नाहीसे होईल. त्यामुळे म्हातारा दबण्यापूर्वीच डुक्कर उजेडात किमान १२ फ्रेम स्पष्ट दिसू द्यावे. नाहीतर तो कशाला घाबरला, हेच प्रेक्षकाला कळणार नाही.